जमिनीलगतचे हवामान वाचणारा शास्त्रज्ञ

भारतीय कृषी हवामानशास्त्राचे जनक डॉ. एल. ए. रामदास यांच्या कार्याचा परिचय

कोल्हापूर (प्रतिनिधी) - रोहिणी नक्षत्र लागले की कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम भागातील शेतकरी भाताच्या धूळवाफ पेरणीला लागतो. कोरड्या मातीत बी टाकायचे आणि मृगाच्या सरींची वाट पाहायची, हा त्याचा पिढीजात शिरस्ता आहे. याच जिल्ह्याच्या पूर्वेला शिरोळ भागातील शेतकऱ्याला त्या वेळी उसाची आणि भाजीपाल्याची चिंता असते. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आत असलेल्या शिरोळमध्ये त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाच पाऊस पदरात पडतो. अशा जिल्ह्यासाठी काही ठिकाणी हलका ते मध्यम पाऊस होईल, एवढाच अंदाज दिला तर त्याचा उपयोग कोणी कसा करायचा? भाताची पेरणी करणाऱ्याने घाई करायची की थांबायचे, उसाला खताचा हप्ता द्यायचा की राखून ठेवायचा, फवारणीचा पंप पाठीवर घ्यायचा की नाही, याचे उत्तर त्या एका वाक्यात नसते.

आकाशातील घडामोडी आणि शेतातील पीक यांच्यामध्ये उभे राहून हे उत्तर शोधणारा माणूस म्हणजे कृषी हवामान तज्ज्ञ. त्याला भौतिकशास्त्र कळले पाहिजे, संख्याशास्त्र आले पाहिजे, माती ओळखता आली पाहिजे आणि पिकाची अवस्था डोळ्यांनी पारखता आली पाहिजे. अशा माणसाची गरज आपल्या देशात प्रथम ओळखली गेली ती १९३० च्या सुमारास, आणि ते काम प्रथम करून दाखवले ते डॉ. लक्ष्मीनारायणपुरम अनंतकृष्णन रामदास यांनी. रामदास हे नाव महाराष्ट्राला वेगळ्या अर्थाने परिचयाचे आहे. हे रामदास मात्र मलबारातील पालघाटचे. त्यांची कर्मभूमी होती पुणे. भारतीय कृषी हवामानशास्त्राचे जनक म्हणून शास्त्रज्ञांच्या वर्तुळात त्यांचे नाव आदराने घेतले जाते. ज्या शेतकऱ्यांसाठी त्यांनी आयुष्य वेचले, त्यांच्यापर्यंत मात्र ते फारसे पोहोचलेले नाही.

रामन यांच्या प्रयोगशाळेत

रामदास यांचा जन्म १९०० सालचा. भौतिकशास्त्राच्या ओढीने ते कलकत्त्याला गेले. त्या काळात कलकत्त्याच्या बोबाजार रस्त्यावरील इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत चंद्रशेखर वेंकट रामन यांच्याभोवती तरुण संशोधकांचा मेळा जमला होता. उपकरणे साधी, निधी तुटपुंजा आणि कामाची वेळ ठरलेली नाही, अशा वातावरणात ही मंडळी प्रकाशाच्या विकिरणाचा शोध घेत होती. रामदास यांनी विषय निवडला तो द्रवाच्या पृष्ठभागाचा. पाण्यासारख्या द्रवाचा पृष्ठभाग वरवर आरशासारखा सपाट भासतो. प्रत्यक्षात त्यावर रेणूंच्या हालचालीमुळे सतत सूक्ष्म खळबळ चालू असते, आणि त्या खळबळीमुळे प्रकाश विखुरला जातो. हे विखुरणे मोजण्याचे काम अत्यंत नाजूक होते. १९२६ मध्ये कलकत्ता विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट प्रदान केली.

दोन पदार्थ जेथे भेटतात त्या पातळ सीमेवर काय घडते, हा या संशोधनाचा गाभा होता. पुढे रामदास यांचे कार्यक्षेत्र बदलले, संस्था बदलल्या, पण हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. आधी द्रव आणि हवा, मग जमीन आणि हवा, नंतर पीक आणि हवा, असा त्यांचा प्रवास झाला.

डॉक्टरेट मिळाली त्याच वर्षी ते भारतीय हवामान खात्यात रुजू झाले. भौतिकशास्त्राचा धागा त्यांनी तेथेही सोडला नाही. रामन परिणामाचा शोध १९२८ मध्ये जाहीर झाला, त्याच वर्षी वायू आणि बाष्प यांच्यामधील रामन परिणामावर रामदास यांचा निबंध प्रसिद्ध झाला. अशा तयारीचा माणूस शेतीकडे वळेल, असे तेव्हा कोणाला वाटले नसेल.

पुण्यातील नवा विभाग

हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरची ती दगडी इमारत पुणेकर आजही सिमला ऑफिस म्हणूनच ओळखतात. त्याच वर्षी लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शाही कृषी आयोगाने आपला अहवाल सादर केला. देशातील शेतीची दुरवस्था तपासण्यासाठी १९२६ मध्ये नेमलेल्या या आयोगाने हवामान खात्याने शेतीच्या प्रश्नांकडे अधिक लक्ष द्यावे, असे सुचवले. त्याआधीही खाते पावसाचे अंदाज देत होते आणि दुष्काळाच्या भीतीने सरकार त्यांची वाट पाहत होते. तथापि पिकावर हवामानाचा नेमका काय परिणाम होतो, याचा शास्त्रशुद्ध अभ्यास करणारी स्वतंत्र यंत्रणा देशात नव्हती.

आयोगाच्या शिफारशीतून कृषी संशोधन परिषद स्थापन झाली आणि तिच्या अर्थसाह्यातून १९३२ मध्ये पुण्यात कृषी हवामान विभाग सुरू करण्यात आला. त्याची धुरा बत्तीस वर्षांच्या रामदास यांच्याकडे आली. ती त्यांनी दोन दशके सांभाळली. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाच्या आवारात मध्यवर्ती कृषी हवामान वेधशाळा उभी राहिली. एका बाजूला वेधशाळेची उपकरणे आणि दुसऱ्या बाजूला उभी पिके, अशी ती जागा होती. तेथे भौतिकशास्त्राच्या पदवीधराला बांधावर उतरावे लागे आणि शेतकी शिकलेल्याला तापमापकातील पाऱ्याची पातळी अचूक वाचायला शिकावे लागे. रामदास यांच्या हाताखालची मंडळी या दोन्ही बाजूंची होती आणि त्यांना एकत्र काम करायला लावणे हेच विभागप्रमुखाचे पहिले काम होते.

शेतातले हवामान वेगळे

वेधशाळेतील तापमान ज्या पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत मोजले जाते, ती जमिनीपासून सुमारे चार फूट उंचीवर असते. जगभर ही पद्धत रूढ आहे, कारण त्यामुळे एका गावचे तापमान दुसऱ्या गावाच्या तापमानाशी ताडून पाहता येते. मात्र नुकतेच उगवलेले रोप चार फुटांवर राहत नाही. त्याचे जग मातीच्या वरच्या काही बोटांत सामावलेले असते. उन्हाळ्याच्या दुपारी काळ्या रानातून अनवाणी चालणाऱ्याच्या पायाला जे कळते, ते पेटीतील पारा सांगत नाही.

रामदास यांनी हेच सूत्र धरले. पिकाला जे हवामान प्रत्यक्ष भोगावे लागते, तेच मोजले पाहिजे. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जमिनीच्या पृष्ठभागापासून वर निरनिराळ्या उंचींवर तापमान, आर्द्रता आणि वाऱ्याचा वेग मोजण्यास सुरुवात केली. उघड्या रानात एक मोजणी आणि उभ्या पिकाच्या आत दुसरी, असा तो उद्योग होता. कळमकर आणि गद्रे या सहकाऱ्यांसह त्यांनी १९३४ पासून सूक्ष्म हवामानावर प्रसिद्ध केलेले निबंध या विषयावरील आपल्या देशातील आरंभीचे काम मानले जाते.

या मोजण्यांचे महत्त्व ऊसपट्ट्याला सहज पटावे. वाढलेल्या उसाच्या फडात शिरले की बाहेरचा वारा एकदम थांबतो, दमटपणा जाणवतो आणि ऊन जमिनीपर्यंत पोहोचत नाही. फडाच्या आत जणू वेगळाच ऋतू असतो. कीड आणि रोग वाढतात ते या आतल्या हवामानात. तेव्हा बाहेरच्या वेधशाळेतील आर्द्रतेचा आकडा तसाच्या तसा फडाला लावून चालत नाही. दोहोंमधील फरक माहीत असावा लागतो. तो फरक मोजून ठेवण्याचे किचकट काम रामदास यांच्या विभागाने केले.

रामदास थराची गोष्ट

मोजणीच्या या शिस्तीतूनच त्यांच्या नावाने ओळखला जाणारा शोध लागला. निरभ्र आणि निवांत रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे टाकून थंड होत जाते. साहजिकच सर्वांत थंड जागा जमिनीचा पृष्ठभाग असणार आणि वर जावे तशी हवा उबदार होत जाणार, अशी सर्वमान्य समजूत होती. पाठ्यपुस्तके तेच सांगत होती. रामदास आणि त्यांचे सहकारी आत्मनाथन यांना उघड्या जमिनीवर रात्री घेतलेल्या नोंदींत वेगळेच चित्र दिसले. सर्वांत कमी तापमान जमिनीवर नव्हते. ते जमिनीपासून काही वितींवर हवेत होते. हा निष्कर्ष त्यांनी १९३२ मध्ये एका युरोपीय नियतकालिकात प्रसिद्ध केला.

पाश्चात्त्य शास्त्रज्ञांनी तो सहजी मान्य केला नाही. थंड हवा जड असते. ती खाली बसली पाहिजे, मग उबदार हवेवर थंड हवेचा थर टिकेल कसा, हा आक्षेप रास्त होता. मोजणीत चूक झाली असावी, उपकरणाचा दोष असावा, अशा शंका घेतल्या गेल्या. जवळजवळ पाव शतक हा प्रश्न लोंबकळत राहिला. पुढे जर्मन संशोधक रॅश्के यांनी पुण्यातच अधिक काटेकोर उपकरणांनी निरीक्षणे केली आणि १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाने रामदास यांच्या नोंदी खऱ्या ठरवल्या. हा थर का तयार होतो, याची समाधानकारक उपपत्ती मांडायला मात्र १९९३ साल उजाडावे लागले. बंगळूरमधील शास्त्रज्ञ वासुदेव मूर्ती, श्रीनिवासन आणि रोद्दम नरसिंह यांनी उष्णतेच्या प्रारणाच्या गणितातून तो थर कसा टिकतो ते दाखवून दिले. त्यानंतरही त्यावर संशोधन झाले असून, हवेतील सूक्ष्म कणांचा त्यात किती वाटा आहे याचा शोध घेण्यात आला.

या गोष्टीत प्रशिक्षणाचा एक मोठा धडा आहे. पुस्तकाशी न जुळणारी नोंद पुसून टाकणे निरीक्षकाला सोपे असते. रात्रीची वेळ, हातात कंदील वा विजेरी आणि समोर अपेक्षेपेक्षा वेगळा आकडा, अशा वेळी तो आकडा जसाच्या तसा लिहून ठेवण्याची सवय लागली पाहिजे. तसे झाले नसते तर रामदास थर हाती लागला नसता. शेतकऱ्याच्या दृष्टीनेही ही बाब किरकोळ नाही. थंडीच्या रात्री कोवळ्या रोपाचा शेंडा कोणत्या उंचीवर आहे आणि सर्वांत थंड हवा कोणत्या उंचीवर आहे, यावर त्या रोपाचे भवितव्य अवलंबून असू शकते.

काळी माती, पांढरी भुकटी

पुण्याच्या परिसरातील काळी माती हा रामदास यांच्या कुतूहलाचा दुसरा विषय. काळा रंग ऊन शोषून घेतो, म्हणून या मातीचा पृष्ठभाग उन्हाळ्यात विलक्षण तापतो. द्रविड या सहकाऱ्यासह त्यांनी एक साधा प्रयोग केला. काळ्या मातीच्या पृष्ठभागावर खडूच्या पांढऱ्या भुकटीचा पातळ थर पसरला आणि शेजारच्या उघड्या मातीशी तिची तुलना केली. पांढऱ्या थरामुळे ऊन परत फेकले गेले आणि खालची माती लक्षणीय थंड राहिली. मातीचा रंग बदलला की तिच्या पोटातील तापमान बदलते, हे त्यातून आकड्यांनिशी सिद्ध झाले. उसाच्या पाचटाचे आच्छादन ओलावा का धरून ठेवते आणि मुळांना गारवा का देते, याचे शास्त्र समजून घेताना असे प्रयोग पायाभूत ठरतात.

काट्टी यांच्यासह केलेल्या दुसऱ्या अभ्यासात त्यांनी मातीच्या ओलाव्याची दिवस-रात्र चालणारी देवघेव मोजली. पाऊस नसलेल्या कोरड्या ऋतूतही मातीचा वरचा थर रात्री हवेतील बाष्प थोडेफार शोषून घेतो आणि दिवसा ते परत सोडतो, असे त्यांना आढळले. शेतकरी ज्याला वापसा म्हणतो, त्या अवस्थेकडे पाहण्याची ही भौतिकशास्त्राची दृष्टी होती.

आकड्यांची मशागत

केवळ उपकरणे वाचता येऊन कृषी हवामान तज्ज्ञ होता येत नाही. एखाद्या वर्षी पाऊस कमी झाला आणि पीक बुडाले, हे कोणीही सांगेल. परंतु पिकाच्या कोणत्या आठवड्यात किती पाऊस कमी पडला म्हणजे उत्पादन किती घटते, हे सांगण्यासाठी अनेक वर्षांच्या नोंदी आणि संख्याशास्त्राची जाण हवी. येथे एक मोठी अडचण होती. हवामान खात्याकडे पावसाच्या जुन्या नोंदी होत्या. पिकांच्या नोंदी मात्र ठिकठिकाणी वेगवेगळ्या पद्धतीने ठेवलेल्या होत्या. एका केंद्रावर रोपाची उंची मोजली जाई, दुसऱ्यावर फक्त उत्पादन लिहिले जाई. अशा आकड्यांतून निष्कर्ष काढणे म्हणजे वेगवेगळ्या मापांनी मोजलेले धान्य एकाच राशीत ओतण्यासारखे होते.

यावर उपाय म्हणून १९४५-४६ पासून अखिल भारतीय समन्वित पीक-हवामान योजना सुरू झाली. भात, गहू, ज्वारी, कापूस आणि ऊस या प्रमुख पिकांसाठी देशभरातील प्रक्षेत्रांवर एकाच पद्धतीने नोंदी ठेवाव्यात, पिकाची वाढ आणि हवामान शेजारी शेजारी मोजावे, अशी तिची रचना होती. एकाच माणसाच्या आयुष्यात अशा योजनेचे पूर्ण फळ दिसत नाही. नोंदी साठत जातात आणि पुढची पिढी त्यांचा उपयोग करते. संशोधनाची ही सावकाशी रामदास यांनी स्वीकारली होती.

दुष्काळाची मोजपट्टीही त्यांनी शेतीच्या अंगाने आखली. वर्षाचा एकूण पाऊस सरासरीइतका झाला तरी मधल्या उघडिपीने पीक करपू शकते. १९४८ मध्ये रामदास आणि मलिक यांनी आठवडा हे माप धरून, ज्या आठवड्यात सरासरीच्या निम्मा किंवा त्याहून कमी पाऊस पडतो तो दुष्काळी आठवडा, अशी व्याख्या मांडली. पश्चिम किनाऱ्यावर मोसमी पाऊस केव्हा स्थिरावेल, याचा आगाऊ अंदाज बांधण्याची पद्धत जगन्नाथन आणि गोपाल राव यांच्यासह त्यांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध केली. किनाऱ्यावर आलेला हा पाऊस घाट चढून कोल्हापूरच्या पश्चिम भागात उतरतो. धूळवाफ पेरणी केलेल्या शेतकऱ्याचे सारे लक्ष त्याच्याकडेच लागलेले असते.

शेतकऱ्याच्या भाषेत अंदाज

१९४५ मध्ये हवामान खात्याने शेतकऱ्यांसाठी खास हवामान वार्तापत्र सुरू केले. आकाशवाणीवरून प्रादेशिक भाषांत ते प्रसारित होऊ लागले. तोवरचे अंदाज प्रामुख्याने जहाजे, विमाने आणि सरकारी कचेऱ्या यांच्यासाठी तयार होत असत. वैमानिकाला ढगाची उंची हवी असते. शेतकऱ्याला काढणी केलेले पीक खळ्यावर ठेवावे की झाकावे, हे हवे असते. अंदाज देणाऱ्याला हे ठाऊक असावे म्हणून कृषी हवामान विभागाने पीक-हवामान दिनदर्शिका तयार केल्या. एखाद्या जिल्ह्यात कोणत्या आठवड्यात पीक कोणत्या अवस्थेत असते, त्या अवस्थेला कसे हवामान मानवते आणि कोणत्या बदलाची पूर्वसूचना द्यायला हवी, हे एका तक्त्यात मांडलेले असे. पुण्या-मुंबईच्या कचेरीत बसलेल्या अंदाजकाराला शेत दिसत नसे. त्या तक्त्यातून ते त्याच्यासमोर येई. हे साधे साधन म्हणजे या पेशाचा पहिला शिक्षक म्हणता येईल.

पुन्हा पाण्याच्या पृष्ठभागाकडे

हवामान खात्यातून १९५६ मध्ये निवृत्त झाल्यावर रामदास विसावले नाहीत. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत त्यांनी जलाशयांतील बाष्पीभवन रोखण्याचे काम हाती घेतले. तलावातील पाण्यावर सेटिल अल्कोहोलसारख्या पदार्थाचा एका रेणूइतक्या जाडीचा थर पसरवला, तर पाण्याची वाफ होण्याचे प्रमाण कमी होते. दुष्काळी प्रदेशातील तलावांसाठी ही कल्पना आकर्षक होती. वाऱ्याने तो नाजूक थर फाटतो, ही तिची व्यावहारिक मर्यादा. तरुणपणी रामन यांच्या प्रयोगशाळेत द्रवाच्या पृष्ठभागाचा अभ्यास करणारा संशोधक उतारवयात त्याच पृष्ठभागाकडे परतला होता. या वेळी प्रश्न पिण्याच्या आणि सिंचनाच्या पाण्याचा होता.

१९५८ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरवले. १९६० मध्ये त्यांचे क्रॉप्स अँड वेदर इन इंडिया हे पुस्तक भारतीय कृषी संशोधन परिषदेने प्रसिद्ध केले. तीन दशकांच्या कामाचे सार त्यात आले आहे. १९७९ मध्ये त्यांचे निधन झाले.

कोल्हापुरातील वारसा

रामदास यांनी घालून दिलेली कामाची पद्धत पुढे देशभर विस्तारली. १९७० च्या दशकात राज्यांच्या कृषी खात्यांच्या सहकार्याने कृषी हवामान सल्ला सेवा सुरू झाली. १९९१ पासून कृषी हवामान क्षेत्रांनुसार केंद्रे उभी राहू लागली आणि २००८ पासून जिल्हानिहाय सल्ला देण्यास प्रारंभ झाला. ग्रामीण कृषी मौसम सेवा या नावाने ती आज ओळखली जाते. कोल्हापुरात शेंडा पार्क येथील विभागीय कृषी संशोधन केंद्रातून या सेवेचे काम चालते. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, सल्ला प्रसिद्ध होतो.

हा सल्ला तयार करणाऱ्याच्या अंगी कोणती कौशल्ये लागतात, ते पाहिले तर रामदास यांच्या आयुष्याचीच उजळणी होते. पहिली पायरी निरीक्षणाची. कृषी हवामान वेधशाळेत स्थानिक वेळेनुसार सकाळी ७ आणि दुपारी २ वाजता नोंदी घेतल्या जातात. पर्जन्यमापक, कमाल-किमान तापमापक, बाष्पीभवन पात्र, सूर्यप्रकाशमापक आणि जमिनीत निरनिराळ्या खोलीवर बसवलेले तापमापक वाचताना सण, सुट्टी किंवा मुसळधार पाऊस ही सबब चालत नाही. दुसरी पायरी अंदाज समजून घेण्याची. हवामान खात्याकडून पुढील पाच दिवसांचा पाऊस, कमाल व किमान तापमान, आर्द्रता, वारा आणि ढगांचे प्रमाण यांचा अंदाज येतो. उपग्रहाची चित्रे आणि संगणकीय प्रतिमाने यांतून तो कसा निघतो आणि त्यात चुकीला किती वाव आहे, हे तज्ज्ञाला कळले पाहिजे.

तिसरी पायरी सर्वांत अवघड आहे. तोच अंदाज जिल्ह्यातील प्रत्येक पिकाला लावून पाहायचा असतो. ढगाळ आणि दमट हवा टिकणार असेल तर भातावरील करप्याकडे लक्ष द्यायला सांगावे लागते. जोराचा पाऊस येणार असेल तर उसाला युरिया देणे पुढे ढकलायचे, कारण तो पाण्याबरोबर वाहून जातो. वारा जोराचा असेल तर फवारणी टाळायची आणि उंच वाढलेला ऊस लोळू नये याची काळजी घ्यायची. यासाठी कृषिविद्या, वनस्पती रोगशास्त्र आणि कीटकशास्त्र या विषयांतील सहकाऱ्यांशी रोजचा संवाद लागतो. चौथी पायरी भाषेची. सल्ला थोडक्यात, नेमका आणि शेतकऱ्याच्या शब्दांत हवा. वापसा, भरणी, बांधणी, खोडवा हे शब्द ज्याला परके आहेत, त्याने लिहिलेला सल्ला वाचला जात नाही.

या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी शिक्षणाची सोय महाराष्ट्रातच आहे. शेतकीच्या पदवीनंतर कृषी हवामानशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेता येते. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या पुणे येथील कृषी महाविद्यालयात, म्हणजे रामदास यांची वेधशाळा जेथे उभी राहिली त्याच आवारात, हा विषय शिकवला जातो. भौतिकशास्त्र किंवा गणिताच्या वाटेने येणाऱ्यांना हवामान खात्याच्या पुण्यातील प्रशिक्षण संस्थेत अंदाजशास्त्राचे धडे मिळतात. दोन्ही वाटांनी आलेल्यांना दुसऱ्या बाजूचे ज्ञान कमावावे लागते, ही अट १९३२ पासून बदललेली नाही.

या माणसांचे मोल किती आहे, याची चर्चा अलीकडे नव्याने झाली. २०१८ पासून देशातील कृषी विज्ञान केंद्रांत सुमारे दोनशे जिल्हा कृषी हवामान घटक सुरू करण्यात आले होते. मार्च २०२४ मध्ये ते बंद झाले. हवामानाची माहिती स्वयंचलित केंद्रांतून मिळू शकते, मग वेगळे मनुष्यबळ कशासाठी, असा विचार त्यामागे मांडला गेला. स्वयंचलित केंद्र दर काही मिनिटांनी आकडा पाठवते, हे खरे आहे. मात्र त्या आकड्याचा अर्थ गगनबावड्याच्या भातखाचरात एक होतो आणि शिरोळच्या भाजीच्या मळ्यात दुसरा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेचे पाणी हजारो एकर उसात शिरले, तेव्हा पूर ओसरल्यावर कोणता फड राखायचा आणि कोणता मोडायचा, हा प्रश्न प्रत्येक बांधावर वेगळा होता. पाण्याखाली किती दिवस गेले, शेंडा बुडाला होता की वर होता, पुढील आठवड्यात ऊन पडणार की नाही, हे सारे एकत्र पाहिल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नव्हते.

रामदास यांनी तापमापक चार फुटांवरून खाली आणला आणि तो पिकाजवळ नेला. त्यांच्या नावाने पुतळा नाही किंवा शेतकऱ्यांच्या मेळाव्यात त्यांची तसबीर लागत नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी निघणाऱ्या सल्ल्यात मात्र त्यांची पद्धत जिवंत आहे. ती पुढे चालवायची तर उपकरणांवरील खर्चाइतकाच खर्च ती उपकरणे वाचून बांधावर उतरणारी माणसे घडवण्यावर करावा लागेल. रोहिणीत कोरड्या मातीत बी टाकून आभाळाकडे पाहणाऱ्या शेतकऱ्याचा एक हंगाम त्या माणसाच्या तयारीवर अवलंबून असतो.